बाहेरच्या हातची पोळी

सोमवार, २ फेब्रुवारी

…धार काढून झाली होती. दूध डेअरीला गेलं होतं आणि मी गोठ्यातलं शेण पाटीत भरत होते. ते ओट्यावर बसून पायाला वाळलेल्या चिखलाचे पोपडे नखाने काढत होते. पहाटे उठून शाळेमागच्या कबड्डीच्या मैदानावर पाणी मारायचं, पोरं यायच्या आत माती बसवायची, हा त्यांचा नेम होता. मी म्हटलं, "ओटा आत्ताच सारवलाय." ते म्हणाले, "मग मी काय हवेत बसू?" मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आतून ओरडून विचारलं, भाकरीला पीठ कुठल्या डब्यातलं घेऊ. मी सांगितलं. मग मी भांडी घासली आणि ते शेतावर गेले. एवढंच. त्या सकाळी काहीही झालं नाही. ते गेले ती सकाळ ही नव्हे, ती बरीच नंतर आली.

ही आज आठवली कारण तेजस्विनी मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला एकेक कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमची एक साधी सकाळ लिहा. साधी हं, ड्रामा नको." माझ्यासारख्याच काम शिकायला पुण्याहून आलेल्या दोन मुलींनी भराभर लिहिलं. मी बराच वेळ बसले. जे लिहिलं त्यात चिखलाचे पोपडे घातले नाहीत. ते इथे लिहिते. अभ्यासकेंद्रातल्या सरांना दाखवायची दैनंदिनी वेगळी आहे. ही माझी.

माझी शाळा दहावीनंतर सुटली. वाचायचं सुटलं नाही, किराणाच्या पुड्यांचे कागदसुद्धा मी सोडले नाहीत. ते, समाधान, गेल्यावर आमची मुलगी श्रेया मागे लागली. ती नाशिकला नर्स आहे. तिने मला बारावीला बसवलं आणि मग मुक्त विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या वर्गात माझं नाव घातलं. वर्ग रविवारी जुन्नरला भरतो. शेवटी महिनाभर कुठेतरी जाऊन काम करावं लागतं. बाकीचे वर्तमानपत्रांत गेले. मला 'सह्यकडा' मिळालं. हा कबड्डीचा व्यावसायिक संघ, मूळ पुण्याचा. होळीपर्यंत त्यांचं शिबिर जुन्नरला आहे. सर म्हणाले, "पिंपळवंडीहून एसटीने जाऊन येऊन होईल, तुम्हाला बरं पडेल."

खेळाडूंचा परिचय लिहायचा, फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, लहान फिल्म करायची, ते सगळं संघाच्या फोनवरच्या पानावर जातं. ते पान तेजस्विनी मॅडम बघतात. हे काम मला जमेल का, माहीत नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मला काय हाक मारावी हे कुणाला ठरवता येत नाही. पुण्याच्या मुली 'काकू' म्हणतात, खेळाडू 'मावशी', तेजस्विनी मॅडम 'प्रतिभाताई'. मॅडम माझ्या श्रेयापेक्षा वर्षाने मोठ्या असतील. दिवसभर दोन फोन हातात. जेवायला बसल्या तरी डावा हात फोनवर.

शिबिराचे प्रशिक्षक दादाभाऊ. डोकं पांढरं, आवाज असा की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात. मी त्यांची माहिती घ्यायला गेले तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "पिंपळवंडीच्या म्हणजे कोणाच्या?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "समाधान? डावा कोपरा? अहो, त्याने माझा घोटा धरला होता ओतूरच्या स्पर्धेत. पाऊस आला की अजून ठणकतो." मग म्हणाले, "कसा आहे तो?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली. मी पुढचा प्रश्न विचारला.

आत्यांनी घरी आल्या आल्या तपासणी केली. "काय केलं दिवसभर?"

"पोरांची माहिती लिहिली."

"पोरं खेळत्यात आन तू ल्हितीस. पुढं?"

"पुढं लोक वाचतात, फोनवर."

"लोकास्नी कामधंदं न्हाईत व्हय?" एवढं बोलून वर म्हणाल्या, "वाच बगू काय ल्हिलंय."

मी वाचलं. त्या ऐकत असताना पुरणयंत्र घासत होत्या. माळ्यावरून कधी काढलं कोण जाणे. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाल्या, "गंजलं असंल." पितळ कुठे गंजतं? म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज जयवंतचा परिचय लिहिला. आंबेगावातल्या लोणीचा, एकवीस वर्षांचा, चढाई करतो. मातीवर वाढलेला, म्हणून मॅटवर अजून पाय सावरून टाकतो. संघात तो अजून पक्का नाही. शिबिराच्या शेवटी नावं जाहीर होतील, त्यात आला तर आला.

चढाईला जाताना इतर मुलं मॅटला हात लावून कपाळाला लावतात. हा लावत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "मावशी, माती असती तर लावली असती. प्लॅस्टिकला काय नमस्कार करायचा?"

दिवाळी झाली आणि त्याचे वडील गेले. आता घरी आई एकटी. रविवारी सुट्टी असते, लोणी काही लांब नाही, पण तो जात नाही. मी म्हटलं, "आईला भेटून यायचं की."

"आईच नको म्हणती. म्हणती, खेळात ध्यान ठेव, हितं येऊन काय करनार, घर असं हाय." मग त्याने विचारलं, "मावशी, पहिल्या सणाला मामाच यावा लागतो का? दुसरं कुणी चालतं?"

मी म्हटलं, "बाहेरचं माणूस पाहिजे. मामाच हवा असं नाही."

त्याला रीत अर्धवटच माहीत आहे. घरात माणूस गेलं की आमच्याकडे पुरण नाही, तळण नाही. घरच्यांनी आपण होऊन सण करायचा नसतो. बाहेरचं माणूस, बहुतेक बाईच्या माहेरचं, गोड घेऊन येतं, मग येणाऱ्या सणाला त्या घरी येऊन पहिली पोळी लाटतं. घरातल्यांनी ती खाल्ली की घर मोकळं झालं. जयवंतचा मामा गुजरातेत असतो. संक्रांतीला येतो म्हणाला आणि आला नाही.

बाईला एकटीला ते किती जड जात असेल. शेजारी तळणाचा वास येतो आणि आपल्याकडे रोजची आमटी. असं एखादं घर ठेवू नये.

आमच्याकडे माझा भाऊ सुरतेहून यायचा होता. त्या वर्षी आला नाही, मग विषय निघाला नाही. तीन वर्षं झाली. आम्हाला आता सवय झाली आहे. होळीला शेजारणी ताट पाठवतात, आत्या ते गाईला घालतात. त्यांना गोड फारसं आवडत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मॅडमनी प्रत्येकीला एक फिल्म वाटून दिली. हीच आमची परीक्षा, सरांना हिच्यावरून शेरा कळवणार. माझ्या वाट्याला जयवंत आला.

मॅडम म्हणाल्या, "प्रतिभाताई, सोपं आहे. नावं अठ्ठावीसला जाहीर होतील. एक तारखेला आपण लोणीला जाऊ. घर, चूल, आई. आई त्याला पेढा भरवते. तिच्या डोळ्यांत पाणी येईलच. होळीच्या दिवशी पोस्ट करू. फक्त त्यांचा होकार तुम्ही आणा. माझ्याशी त्या बोलणार नाहीत, तुमच्याशी बोलतील."

"माझ्याशी का?" मी विचारलं.

त्या जरा गोंधळल्या. "म्हणजे… तुम्ही समजू शकता ना."

त्यांनी रिबीन लावलेला पेढ्यांचा खोका दिला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. मलाही ते बरं वाटलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

लोणीला जाऊन आले. नारायणगाव, मंचर, तिथून पुढची गाडी. मंचरच्या पुढे झाडी विरळ होते आणि ज्वारीच ज्वारी.

घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "कल्याणी कामाला गेलीया, जोंधळा उपटाया." मी रानात गेले. सात-आठ बाया ओळीने ज्वारी उपटत होत्या. मला बघून त्यांतली एक कमरेवर हात देऊन उभी राहिली. जयवंतचा चेहरा आईचाच आहे.

घरी आल्यावर तिने पाय धुवायला पाणी दिलं. मी खोका पुढे केला. तिने लगेच घेतला नाही.

"ह्ये तुमी आनलं?"

"हो."

"तुमच्या हातानं? आमच्या घरी?"

मी म्हटलं, "जयवंतच्या संघाने दिलाय, पण घेऊन मी आले."

"ज्यो दारात घेऊन येतो त्येचंच असतंय," ती म्हणाली. खोका दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "तुमचं मालक?"

"तीन वर्षं झाली."

"मग तुमाला कळतंय." ती बसली आणि रडली. आवाज न करता. मग तिने डोळे मिटून एक पेढा खाल्ला. अर्धा खोका शेजाऱ्यांत वाटून आली. लहान मुलीसारखी पळतच गेली.

मी फिल्मचं सांगितलं. कॅमेरा येईल, जयवंत येईल, त्याला पेढा भरवायचा. तिने मधेच विचारलं, "तुमी असाल का?"

"असेन की."

"मग काय बी चालंल."

मुलाचं नाव मोठं होतंय म्हणून तिला भरून आलं असणार. एवढ्या सहज होकार मिळेल असं वाटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी जरा खुशीत होते, हे लिहून ठेवते.

बुधवार, १८ फेब्रुवारी

मॅडमनी मला मिठीच मारली. पुण्याच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. "काकू, तुम्ही तर डायरेक्ट बोनस पॉइंट!"

जयवंतला सांगितलं. तो हसला नाही. "आईनं पेढा खाल्ला?" त्याने दोनदा विचारलं. मी हो म्हटल्यावर तो सरावाला गेला आणि पहिल्याच चढाईत तिघांना शिवून आला. दादाभाऊ ओरडले, "आज काय खाऊन आलाय रे?"

घरी जेवताना आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तिनं खाल्ला? तू नेल्याला?"

"हो, देवापुढे ठेवून मग खाल्ला."

"बरं," म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. पोट बरं नसेल.

उद्या शिवजयंती. शिवनेरीमुळे जुन्नरचा रस्ता सकाळपासून बंद असतो, म्हणून सुट्टी आहे. कांद्याला पाणी देऊन घेईन.

रविवार, २२ फेब्रुवारी

दुपारी कल्याणीचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते.

"ताई, डाळ निवडून ठिवलीया. गूळ बी आनला. तुमी होळीला कितीच्या गाडीनं येनार?"

मी म्हटलं, "होळीला? आपलं एक तारखेला ठरलंय ना, आदल्या दिवशी?"

"ती तुमची शूटिंग. ती करा की. मी पोळीचं म्हनते. पयलं गोड तुमी आनलं, मग पोळी तुमीच लाटनार न्हवं? आमच्या वाड्यात समद्यास्नी सांगितलंय मी, जुन्नरकडच्या ताई आल्त्या म्हनून."

माझ्या हातातलं ओलं पातळ तसंच राहिलं. हो की नाही, मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोलून फोन ठेवला.

रीत मला माहीत होती. जयवंतला मीच समजावली होती. तरी रिबीन लावलेला खोका हातात घेऊन जाताना माझ्या डोक्यात आलं नाही की मी काय नेते आहे. माझ्या डोक्यात फिल्म होती. तिला वाटलं, सख्खा भाऊ आला नाही तिथे ही कोण कुठली बाई घर मोकळं करायला आली. म्हणून ती रडली.

आणि एक गोष्ट तिला माहीत नाही. ज्या घराचा सण मोकळा झालेला नाही, त्या घरातल्या बाईने दुसऱ्याकडे जाऊन पहिली पोळी लाटायची नसते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दोन दिवस आत्यांना सांगितलं नाही. आज सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"मला त्याच दिशी कळलं," म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आपल्या घराचं कवाड लावल्यालं, आन तू दुसऱ्याचं उगडून आलीस. शिकल्याली सून माजी."

मी म्हटलं, "मी तिला सांगते, चूक झाली. दुसरं कुणीतरी शोधा."

लसणाची पाकळी त्यांनी टोपलीत जोरात टाकली. "आन तिनं खाल्लेला पेढा काय वकायचा? वाड्याला सांगितलंय तिनं. तू गेली न्हाई तर त्या बाईला कोन इचारंल? म्हंतील, पयलं गोड आनून पाव्हनी पळाली. त्यापरीस न आनल्यालं बरं व्हतं."

"पण आपलं घर…"

"आपलं घर मला ठावं हाय. मी ऱ्हाते हितं." मग उरलेला लसूण सोलून टोपली बाजूला सारली. शेवटी म्हणाल्या, "तुजा भाऊ यायचा न्हाई. माज्या म्हायेरचं तर कुनी जित्तंच न्हाई. वाट बगायची तरी कुनाची?"

तीन वर्षांत हा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. मला वाटायचं त्या विसरल्या.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं, फिल्म करता येणार नाही.

त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. "प्रतिभाताई, होकार तुम्हीच आणलात ना?"

"आणला. पण तो तिने मला दिला, कॅमेऱ्याला नाही." मी त्यांना रीत समजावून सांगितली. पेढ्याचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पण मग हे तर अजूनच सुंदर आहे! पहिली पोळी, तुम्ही लाटताय, दोघी… ताई, हे होळीच्या दिवशीच शूट करू. मी एकटी येते. छोटा कॅमेरा. कळणारसुद्धा नाही."

त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच सुंदर दिसत होतं ते. मी क्षणभर विचार केला, हे मान्य केलं पाहिजे. फिल्म झाली असती, शेरा चांगला आला असता, श्रेयाला दाखवता आलं असतं. पण कल्याणी भिंतीकडे तोंड करून उभी होती, ते आठवलं. तिने माझ्याकडेसुद्धा तोंड केलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

"मी वर काय सांगू? आणि तुमच्या सरांना? फिल्म झाली नाही असंच लिहावं लागेल मला."

"तसंच लिहा. खरं आहे ते."

त्या चिडल्या. चिडल्यावर त्या बोलत नाहीत, नुसत्या टाइप करतात. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "निदान काहीतरी लिहून तरी द्या. जयवंतचं पान रिकामं नाही ठेवता येणार."

शनिवार, २८ फेब्रुवारी

नावं जाहीर झाली. जयवंत आला.

दादाभाऊंनी यादी वाचली तेव्हा तो मागे भिंतीला टेकून उभा होता. नाव ऐकल्यावर पुढे आला, वाकला, मॅटला हात लावला आणि कपाळाला नेला. मी म्हटलं, "प्लॅस्टिकला?" तर म्हणाला, "काय करता मावशी, आता हितंच पोट भरायचंय."

मंगळवारी संध्याकाळी संघ पुण्याला निघणार, म्हणून कुणाला सुट्टी नाही. जयवंतने दादाभाऊंकडे होळीचा एक दिवस मागितला. ते म्हणाले, "नाही." मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंगळवारी सकाळी सातला इथे नसलास तर यादीतून नाव मी स्वतः खोडीन. जा."

मी मॅडमना एक पान लिहून दिलं. जयवंतच्या आईची साधी सकाळ. ती उठते, अंगण झाडते, भाकरी थापते, कडी लावून ज्वारीला जाते. जाताना दाराशी जयवंतचे जुने, फाटलेले बूट आहेत, ते ती रोज उचलून आत ठेवते आणि संध्याकाळी परत बाहेर ठेवते, घरात कुणीतरी आहे असं दिसावं म्हणून. लोणीला तिने हे मला हसत हसत सांगितलं होतं. फोनवर विचारलं, लिहू का? म्हणाली, "बुटाचं लिवा की. माजं नाव नगा घालू."

मॅडमनी वाचलं. "यात रडणं नाहीये," म्हणाल्या.

"नाही."

त्यांनी परत वाचलं. मग आईला फोन करायला बाहेर गेल्या. त्यांची आई कोल्हापूरला असते. आल्यावर म्हणाल्या, "टाकते हे. पण शेरा मला आहे तोच द्यावा लागेल, ताई."

मी म्हटलं, "बरं."

बुधवार, ४ मार्च

सोमवारी होळी झाली. तीच लिहायची आहे.

सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर आत्या ओट्यावर बसलेल्या. नवं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"कुठे निघालात?"

"लोनीला. तुला एकलीला धाडू व्हय? उलटं-सुलटं करून येशील." फडक्यात पुरणयंत्र होतं.

दोन गाड्या बदलताना त्यांनी ते कुणाच्या हातात दिलं नाही. मंचरला कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा की." त्या म्हणाल्या, "तुजी तिकिटाची पिशवी ठिव वर."

कल्याणीने डाळ शिजवून ठेवली होती. दारात रांगोळी नव्हती, ती नंतर काढायची. तिने आम्हाला पाणी दिलं, पाट मांडला, पोळपाट माझ्यापुढे सरकवला आणि डोक्यावरचा पदर नीट करून समोर बसली. माझा हात पुढे जाईना. मी सांगायला तोंड उघडलं, पण आत्याच बोलल्या.

"बाई, लपवून काय करायचं? आमचं बी घर तसंच हाय. माजा ल्योक गेल्यापास्नं आमच्याकं कुनी आलं न्हाई. हिनं पेढं आनलं ते न समजता आनलं. तुला चालत नसंल तर सांग, आमी उठतो. राग न्हाई."

कल्याणी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मी आधीच सांगायला हवं होतं. सुचलं नाही."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग कल्याणी म्हणाली, "तीन वर्सं? तीन वर्सं पुरन न्हाई?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "ताटं यायची शेजारची. गाईला घालायचे. गाईची मजा."

कल्याणीला हसू आलं. मग तिने पोळपाट माझ्यापुढून ओढून स्वतःकडे घेतला. "मग मी आदी तुमची लाटते. तुमी मोकळ्या झाला की तुमी माजी लाटा."

"आगं, पन तू तरी कुटं मोकळी हाईस?" आत्या म्हणाल्या. "आदी तू का आदी ती? हे तर कोंबडी का अंडं झालं."

जयवंत दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, "दोघी एकदम बाद झाल्या तर काय करत्यात ठावं हाय का? दोन्हीकडं पॉइंट देत्यात."

"गप रं," कल्याणी म्हणाली. पण तिने पोळपाट आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

उंडा मी भरला. पोळी तिने लाटायला घेतली, अर्धी झाल्यावर लाटणं मला दिलं. पोळी वाकडी झाली, एका बाजूने पुरण बाहेर आलं. तव्यावर टाकताना आम्ही दोन बाजूंनी धरली. भाजल्यावर आत्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक जयवंतच्या हातावर ठेवला. दुसरा हातात घेऊन बघत बसल्या. मला वाटलं, देवाला ठेवतील. त्यांनी खाल्ला. मग आणखी एक पोळी मागून घेतली, दुधाबरोबर, मग आणखी एक. मला वाटायचं त्यांना गोड आवडत नाही.

कल्याणीने रांगोळी काढली. वाड्यातल्या बाया डोकावून गेल्या. एकीने विचारलं, "ह्या कोन?" कल्याणी म्हणाली, "माज्या म्हायेरच्या."

दुपारी मॅडमचा फोन आला. "फक्त चुलीचा एक फोटो? कुणी माणूस नको." मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पोळी चांगली झाली का?" मी म्हटलं, वाकडी झाली.

संध्याकाळी होळी पेटायच्या आत आम्ही निघालो. आमच्या वस्तीचा रस्ता उसातून आहे, बिबट्या फिरतो, अंधार करून चालत नाही. गाडीत आत्या खिडकीशी बसल्या होत्या, पुरणयंत्र मांडीवर. नारायणगावच्या अलीकडे एकदम म्हणाल्या, "त्याला पुरनाचं कडान लई आवडायचं. पोळी न्हाई. नुसतं कडान."

"कटाची आमटी," मी म्हटलं.

"तेच की."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी धार काढली, शेण भरलं, डाळ शिजायला घातली. पहिली पोळी मी लाटली. वाटीभर कट आत्यांनी समाधानच्या फोटोपुढे ठेवला. दोन पोळ्या तेजस्विनी मॅडमसाठी डब्यात घातल्या आणि जुन्नरच्या गाडीला गेले.